जड गोळी, लांबचा नेम आणि काडतुसाची निवड

एल्कचा पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या आसपास भरतो. कोलोरॅडो, वायोमिंग, मॉन्टाना किंवा आयडाहोच्या डोंगरांत ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या रायफल हंगामात त्याच्या मागावर निघालं, की मधे खोल घळ, पलीकडच्या उतारावर कळप आणि पुढे सरकायला आडोसाच नाही, अशी वेळ हमखास येते. लेझरने अंतर मोजणाऱ्या दुर्बिणी आणि क्लिक मोजून फिरवता येणारे स्कोप आवाक्यात आल्यापासून चारशे-पाचशे यार्डांवरून बार काढणारे शिकारी पुष्कळ झाले आहेत. त्यांच्यामागोमाग बाजारात लांब, जड गोळ्यांची काडतुसंही भराभर आली. दुकानाच्या फळीसमोर उभं राहिलं, की ६.५, ६.८, ७ मिलिमीटर, .३०० अशी नावं एकमेकांत मिसळतात आणि बहुतेक जण मित्राने घेतलं तेच घेऊन घरी येतात.

अमेरिका, कॅनडा, न्यूझीलंड इथे स्थायिक झालेल्या आणि रीतसर परवाना काढून शिकारीला जाणाऱ्या मराठी वाचकांसाठी हा लेख आहे. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार हा गुन्हा ठरवला आहे आणि तो तसाच राहावा, असं माझं स्वच्छ मत आहे. अमेरिकेत एच-१बीसारख्या व्हिसावर असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अशा व्हिसाधारकाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला तिथल्या संघीय कायद्याची सर्वसाधारण बंदी आहे. वैध शिकार परवाना हा त्या बंदीला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक आहे. ग्रीन कार्ड असणाऱ्यांना ही अडचण नाही. मित्राची रायफल ‘जरा धरून पाहतो’ म्हणण्याआधी वकिलाचा सल्ला घ्या, कारण इथे चूक झाली तर दंडापेक्षा व्हिसाचं नुकसान मोठं असतं.

आता मुद्द्यावर येतो. काडतुसाचं नाव सगळ्यात शेवटी ठरवायचं असतं. आधी जनावर, मग तुम्हाला खात्रीने जमणारं अंतर, त्या अंतरावर गोळीला लागणारा वेग, त्यावरून गोळी, गोळीवरून नळीचा पीळ आणि मॅगझिनची लांबी. एवढं ठरलं, की काडतुसं दोन-तीनच उरतात. उलट्या बाजूने गेलात, तर जाहिरात तुमच्या वतीने निवड करून टाकते.

जडपणाचा उपयोग कशासाठी

रायफलच्या गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, तेव्हा १७५ ग्रेनची गोळी साधारण ११.३ ग्रॅमची. पण नुसतं वजन काही सांगत नाही. १८० ग्रेनची गोळी .३० कॅलिबरात मध्यम आणि ७ मिलिमीटरमध्ये चांगलीच जड धरतात, कारण तेवढंच वजन बारीक व्यासात बसवायचं तर गोळी लांब होते. अशा लांब, निमुळत्या गोळीला हवा कमी अडवते. हा गुण बीसी, म्हणजे बॅलिस्टिक कोएफिशिएंट, या आकड्यात सांगतात. हा आकडा जितका मोठा, तितका गोळीचा वेग वाटेत कमी खर्च होतो.

खोक्यावरचा बीसी वाचताना एक काळजी घ्या. तो जी-१ आणि जी-७ अशा दोन मापांत दिला जातो. हॉर्नडी कंपनीच्या ७ मिलिमीटर, १७५ ग्रेन ईएलडी-एक्स गोळीचा जी-१ बीसी ०.६८९ आहे आणि जी-७ बीसी ०.३४७. गोळी तीच, मापं दोन. एका कंपनीचा जी-१ दुसरीच्या जी-७ शेजारी ठेवून तुलना करणारे कमी नाहीत. मागच्या बाजूने निमुळत्या होणाऱ्या लांब गोळ्यांना जी-७ जास्त लागू पडतं, तेव्हा बॅलिस्टिक कॅल्क्युलेटरात तोच आकडा भरा.

बीसीचा खरा फायदा वाऱ्यात दिसतो. गोळी किती खाली पडणार हे अंतर नीट मोजलं की आधीच कळतं आणि स्कोप तेवढा फिरवता येतो. वाऱ्याचं तसं नाही. घळीत तो कुठून वाहतोय, पलीकडच्या उतारावर त्याचा जोर किती, हे अंदाजानेच ठरवावं लागतं. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा धरला, तर सेकंदाला ३००० फुटांच्या वेगाने सुटलेली ही १७५ ग्रेनची गोळी ५०० यार्डांवर साधारण १३ इंच सरकते. .३०० विंचेस्टर मॅग्नममधली जुन्या धाटणीची, सपाट बुडाची १८० ग्रेनची गोळी त्याच वाऱ्यात २० इंचांच्या घरात जाते. एल्कच्या छातीतला मर्मभाग फूटभर रुंद असतो. वाऱ्याच्या अंदाजात तुमची थोडी चूक होणारच. ती चूक मर्मभागात सामावली जाते, की जनावराच्या पोटात गोळी जाते, हे या सात इंचांवर ठरतं. जड गोळीवर माझा भर आहे तो याच कारणाने. ‘ताकद’ वगैरे गोष्टी नंतर.

लांब, जड गोळीची कल्पना नवीन नाही, हेही सांगायला हवं. स्वीडन-नॉर्वेचं ६.५×५५ हे काडतूस १८९० च्या दशकातलं. त्यात १५६ ग्रेनची लांब, गोल टोकाची गोळी होती आणि ती सांभाळायला नळीचा पीळ आठ इंचांहूनही थोडा घट्ट ठेवला होता. स्कँडिनेव्हियात त्यावर पिढ्यान्‌पिढ्या मूस मारले गेले. त्याच काळातल्या ७×५७ माउझरची मूळ गोळी १७३ ग्रेनची. ब्रिटिश बंदूककार याच काडतुसाला .२७५ रिग्बी म्हणत. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर जिम कॉर्बेटना भेट मिळालेली रायफल याच काडतुसाची होती. पुढे वेगाचं वेड आलं, गोळ्या हलक्या झाल्या, पीळ सैल झाले. आज आपण पुन्हा जड गोळीकडे वळलो आहोत, फक्त आता तिचं टोक अणकुचीदार आहे.

पीळ आणि पुंगळी

नळीच्या आत कोरलेले आटे गोळीला गरगर फिरवतात. भोवरा हळू फिरला की डुलायला लागतो, तसंच गोळीचं होतं, आणि लांब गोळीला सरळ राहायला जास्त फिरकी लागते. ‘१:८’ लिहिलेल्या नळीत गोळी आठ इंचांत एक फेरा पूर्ण करते, तर ‘१:१०’ मध्ये दहा इंचांत. तेव्हा आकडा लहान म्हणजे पीळ घट्ट. फिरकी पुरेशी आहे का, हे स्थैर्याच्या एका आकड्याने मोजतात. तो एकपेक्षा कमी असेल तर गोळी हवेत आडवी होते. १.५ च्या वर असेल तर गोळी तिच्या पूर्ण बीसीनिशी उडते. एक ते दीडच्या मधे मामला फसवा असतो. जवळच्या निशाण्यावर भोकं गोल दिसतात, सगळं ठीक वाटतं, पण बीसीचा काही भाग वाया गेलेला असतो.

प्रत्यक्ष उदाहरण घ्या. ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नम १९६२ साली आलं, तेव्हापासून त्याच्या बहुतेक नळ्या सव्वानऊ-साडेनऊ इंचांच्या पिळाच्या आहेत. त्यात १८० ग्रेनची, दीड इंचाहून लांब असलेली आधुनिक गोळी घातली, तर समुद्रसपाटीच्या हवेत स्थैर्याचा आकडा १.१ च्या आसपास येतो. तीच गोळी आठ इंचांच्या पिळात घाला, आकडा १.६ च्या जवळ जातो. काडतूस तेच, दारू तीच, नळी बदलली आणि गोळी पूर्ण क्षमतेने उडू लागली. तीन हजार मीटर उंचीवर हवा विरळ असल्याने साडेनऊचा पीळही कसाबसा चालून जातो. म्हणून ‘माझ्या रायफलमध्ये तर छान चालते’ म्हणणारा डोंगरातला शिकारी खोटं बोलत नसतो. पण तीच रायफल थंडीत सखल भागात नेली, की हवा दाट होते आणि आकडा खाली येतो.

तांब्याच्या गोळ्या वापरणाऱ्यांनी पिळाकडे आणखी लक्ष द्यावं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाची गोळी चालत नाही. शिसं घन सेंटिमीटरला ११.३ ग्रॅम भरतं आणि तांबं जेमतेम ९. त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी जास्त लांब होते आणि पीळ आणखी घट्ट लागतो. तांब्यात वजन एक पायरी खाली आणणं हाच शहाणपणाचा मार्ग. ७ मिलिमीटरमध्ये १७५ ऐवजी १५० च्या आसपासची गोळी घ्या. तांब्याची गोळी आपलं वजन टिकवून आरपार जाते, त्यामुळे एल्कवर तिचं काही अडत नाही.

दुसरी अडचण पुंगळीच्या, म्हणजे काडतुसात दारू भरतात त्या नळकांड्याच्या, लांबीची आहे आणि ती खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते. .३०० विंचेस्टर मॅग्नमची पुंगळी २.६२० इंच लांब आणि पूर्ण काडतुसाची ठरलेली कमाल लांबी ३.३४० इंच. वजाबाकी केली, की गोळीचं नाक बाहेर राहायला उरतात ०.७२ इंच. लांब गोळी एवढ्यात मावत नाही, म्हणून ती मागे, पुंगळीत खोल दाबावी लागते. तिथे ती दारूची जागा खाते आणि तिचा रुंद भाग पुंगळीच्या गळ्याच्याही खाली जातो. ७ मिलिमीटर पीआरसी या नव्या काडतुसात तीच ३.३४० इंचांची मर्यादा ठेवून पुंगळी २.२८० इंचांची केली आहे. म्हणजे नाकाला १.०६ इंच मिळतात. पुंगळी आखूड पण रुंद, त्यामुळे दारू कमी पडत नाही. .३०० पीआरसीत पुंगळी २.५८० आणि पूर्ण लांबी ३.७०० इंच, म्हणजे नाकाला १.१२. नव्या काडतुसांतली खरी सुधारणा ही आहे: गोळीसाठी आधीच राखलेली जागा, आणि सुरुवातीपासूनच घट्ट ठेवलेला पीळ. पण .३०० पीआरसीचं काडतूस ३.७ इंचांचं असल्याने ते नेहमीच्या मॅग्नम मॅगझिनमध्ये बसत नाही. जुनी रायफल नुसती नळी बदलून .३०० पीआरसी करायचा विचार असेल, तर आधी मॅगझिनची आतली लांबी मोजा.

गोळी लागते त्या क्षणाचा वेग

दुकानात आणि शिकाऱ्यांच्या बैठकीत ऊर्जेचे आकडे, फूट-पौंड, फार ऐकू येतात. माझ्या मते लांबच्या शिकारीत त्यांच्यावर विसंबू नये. शिकारीची गोळी जनावराच्या अंगात उमलली पाहिजे, आणि ती उमलते वेगामुळे. बहुतेक चांगल्या शिकारी गोळ्यांना त्यासाठी सेकंदाला १८०० फूट वेग लागतो. तांब्याच्या गोळीसाठी मी २००० धरतो. काही खास लांबच्या गोळ्या याहून कमी वेगातही उमलतात. नोस्लरने अ‍ॅक्युबॉन्ड लाँग रेंजसाठी १३०० फुटांची मर्यादा दिली आहे. पण कंपनीची मर्यादा म्हणजे तिथे गोळी कशीबशी उमलते एवढाच अर्थ. तिथपर्यंत बार काढावा, असा त्याचा अर्थ होत नाही.

या हिशेबाने पाहा. ६.५ क्रीडमूरमधली १४३ ग्रेनची गोळी २७०० फुटांनी सुटते आणि समुद्रसपाटीला ७०० यार्डांच्या अलीकडे-पलीकडे १८०० वर येते. ७ मिलिमीटर पीआरसीची १७५ ग्रेनची गोळी ५०० यार्डांवरही सुमारे २३०० फुटांनी जात असते आणि १८०० वर यायला तिला ९०० यार्ड लागतात. यातल्या कुठल्याही अंतरावर एल्कवर गोळी झाडा, असं मी म्हणत नाही. तुमच्या मर्यादेच्या पुढेही गोळीत पुरेसा वेग शिल्लक असावा, एवढंच.

याची दुसरी बाजूही आहे. ३००० फुटांनी निघालेली मऊ गोळी पन्नास यार्डांवर एल्कच्या खांद्याच्या हाडावर लागली, तर ती वरच्या वर फुटून जाते आणि जखम उथळ राहते. लांबच्या शिकारीची तयारी करून गेलेल्या माणसासमोर झाडीतून अचानक जनावर उभं राहतं, हे नेहमीचं आहे. म्हणून शिसं आणि तांब्याचं कवच एकमेकांना जोडलेली, म्हणजे बॉन्डेड, किंवा पूर्ण तांब्याची गोळी निवडा, किंवा मग खांदा सोडून त्याच्या मागे, फासळ्यांवरच नेम धरायचा असं स्वतःला बजावून ठेवा. आणि ‘मॅच’ लिहिलेल्या गोळ्या जनावरावर वापरू नका. त्या कागदावर अचूक लागायला बनवलेल्या असतात. कधी सुईसारख्या आरपार जातात, कधी चुरा होतात, आणि दोन्हींत जनावराचे हाल होतात.

खोक्यावरचा वेग बहुधा २४ इंचांच्या चाचणी नळीतला असतो, हेही विसरू नका. नळी आखूड झाली, की इंचामागे साधारण २५ फूट कमी धरावेत. सप्रेसर लावायचा म्हणून २० इंचांची नळी घेतलीत, तर मॅग्नमच्या दारूचे पैसे बऱ्याच अंशी आवाजात आणि ज्वाळेत जातात.

खांद्याला सोसेल तेवढंच

साडेआठ पौंडांची, म्हणजे पावणेचार किलोंच्या वर भरणारी रायफल धरून मागच्या धक्क्याचा हिशेब केला, तर ६.५ क्रीडमूर सुमारे ११ फूट-पौंड, ६.५ पीआरसी १६, ७ मिलिमीटर पीआरसी २३ आणि .३०० पीआरसी ३१ येतो. आकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण प्रमाण हेच. .३०० पीआरसी क्रीडमूरच्या पावणेतीन पट लाथ मारते. डोंगरात वाहून न्यायची म्हणून सहा-साडेसहा पौंडांची रायफल घेतली, तर हे सगळे आकडे आणखी चढतात.

धक्क्याला घाबरणं ही शरीराची सवय आहे, तिचा हिमतीशी संबंध नाही. चाप ओढायच्या आधीच्या क्षणी डोळा मिटतो, खांदा पुढे येतो आणि नेम खाली जातो. स्वतःला हे होतंय का, ते पाहायचा सोपा उपाय आहे. रेंजवर सोबत्याला काडतुसं भरायला सांगा, आणि मधेच कधीतरी, तुम्हाला न सांगता, त्याने सराव-काडतूस, म्हणजे दारू नसलेलं, भरावं. त्या बाराला रायफल जराही हलली नाही तर ठीक. नळीचं टोक खाली डुबलं, तर तुम्ही एक पायरी हलकं काडतूस घ्या. मोठ्या काडतुसाची वाऱ्यातली सगळी कमाई त्या एका डुबकीत जाते. शिवाय जास्त धक्क्याने स्कोपमधून जनावर दिसेनासं होतं. गोळी कुठे लागली, कळप कुठे वळला, हे बार काढणाऱ्यालाच दिसलं नाही, तर दुसरा बार उशिरा निघतो. मझल ब्रेकने धक्का बराच कमी होतो, पण आवाज इतका वाढतो, की कानात संरक्षण नसेल तर एका बारातही कायमचं नुकसान होऊ शकतं. बाजूला बसलेल्या सोबत्याचा विचार त्यात पहिला.

एकेक काडतूस

पांढरशेपटी हरिण, म्यूल डिअर आणि प्राँगहॉर्न यांपुरतीच शिकार करायची असेल, तर २००७ च्या ६.५ क्रीडमूरपुढे जायची गरज नाही. १४० ते १४७ ग्रेनच्या गोळ्या, आठचा पीळ, स्वस्त काडतुसं आणि रोज सराव करता येईल एवढाच धक्का. एल्कवर मी तिला तीनशे यार्डांपलीकडे नेणार नाही. त्याच गोळीला २९६० फूट वेग हवा असेल तर ६.५ पीआरसी आहे. पत्नी, मुलगी किंवा अंगाने किरकोळ माणूस एल्कला निघणार असेल, तर मी ६.५ पीआरसीचंच नाव घेईन.

.२७० विंचेस्टर १९२५ सालचं. दहाच्या पिळामुळे त्याची गोळी दीडशे ग्रेनवर अडकली. ती अडचण सोडवायला २०२१ मध्ये ६.८ वेस्टर्न आलं, १६५ ते १७५ ग्रेनच्या गोळ्या आणि घट्ट पीळ घेऊन. काडतूस चांगलं आहे, पण ते बनवणारे कमी, तेव्हा जवळच्या दुकानात ते मिळतं का, ते आधी पाहा.

एल्क हेच मुख्य लक्ष्य असेल आणि नवी रायफलच घ्यायची असेल, तर माझा कौल ७ मिलिमीटर पीआरसीला. २०२२ मध्ये ते आलं. १७५ ग्रेनची गोळी ३००० फुटांनी, आठचा पीळ, नेहमीच्या लांब अ‍ॅक्शनमध्ये बसणारं काडतूस, आणि सरावाने सोसता येईल असा धक्का. हॉर्नडीच्याच काडतुसांत ७ मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नमला १६२ ग्रेनची गोळी २९४० फुटांनी मिळते. फरक आहे, पण घरातली चांगली रायफल विकून टाकावी एवढा नाही. दोन्ही पुंगळ्यांत दारू जवळपास सारखीच मावते. जुन्या ७ मिलिमीटर मॅग्नमची नळी झिजली, की आठच्या पिळाची नवी नळी बसवा. स्वतः काडतुसं भरणाऱ्याला तेवढ्यात बहुतेक सगळं मिळून जातं. तोवर १६० ते १६८ ग्रेनच्या गोळ्या जुन्या पिळात बिनधास्त वापरा.

.३० कॅलिबरातही तेच. १९६३ सालच्या .३०० विंचेस्टर मॅग्नममध्ये २०० ग्रेनची ईएलडी-एक्स २८६० फुटांनी निघते. .३०० पीआरसीत २१२ ग्रेनची गोळी त्याच २८६० फुटांनी. बारा ग्रेनचा फरक. एवढ्यासाठी नवी रायफल, लांब मॅगझिन आणि जास्त धक्का घ्यावा का, हे ज्याने त्याने ठरवावं. जो जड रायफल वाहून नेतो, भरपूर सराव करतो, २२० ग्रेनच्या पुढच्या गोळ्या वापरतो आणि अलास्कात मूसच्या मागे जातो, त्याने घ्यावी. इतरांनी विंचेस्टर मॅग्नमवर समाधान मानावं. ती कुठल्याही गावातल्या दुकानात मिळते, आणि प्रवासात काडतुसं हरवली तर हा गुण लाख मोलाचा ठरतो. बहुतेक विमान कंपन्या चेक-इन सामानात पाच किलोच काडतुसं नेऊ देतात, आणि ती बॅग कधीकधी भलत्याच शहरी पोहोचते. दुसऱ्या जातीची काडतुसं विकत घेतलीत, तर डोंगर चढण्याआधी रेंजवर जाऊन नेम नव्याने बसवा.

२८ नोस्लरसारख्या काडतुसांत बारीक नळीतून खूप दारू जाळली जाते. वेग डोळे दिपवणारा, पण नळीचा घसा लवकर जळतो. वर्षाला दोन खोकी झाडणाऱ्याला ते चालेल. जो मनापासून सराव करतो, त्याची नळी हंगामाच्या तोंडावरच दगा देईल. .३३८ लापुआ मॅग्नम तर शिकारीत मला अनावश्यकच वाटतं. एल्कला एवढ्या मोठ्या गोळीची गरज नाही आणि ती झाडणारी रायफल घेऊन डोंगर चढवत नाही.

न्यूझीलंडमधल्या मंडळींना वेगळं सांगायला हवं. तिथे दक्षिण आल्प्समध्ये १९०४ साली सोडलेले हिमालयातले थार आता भरपूर झाले आहेत आणि त्यांची शिकार कड्याकपारींतून करावी लागते. तिथे पाठीवरचा प्रत्येक अर्धा किलो जाणवतो. हलकी रायफल आणि ६.५ पीआरसी ही जोडी तिथे शोभते.

राज्यागणिक नियमही पाहा. कोलोरॅडोत एल्कसाठी किमान .२४ कॅलिबर, किमान ८५ ग्रेनची उमलणारी गोळी आणि १०० यार्डांवर १००० फूट-पौंड ऊर्जा लागते. वरची सगळी काडतुसं त्यात आरामात बसतात. आयडाहोत मोठ्या जनावरांसाठी १६ पौंडांहून जड हत्यार आणि हत्याराला जोडलेली इलेक्ट्रॉनिक उपकरणं चालत नाहीत, म्हणजे अंतर मोजणारा इलेक्ट्रॉनिक स्कोप तिथे अडचणीचा. नियम दरवर्षी बदलतात, तेव्हा त्या त्या वर्षीची पुस्तिका वाचूनच निघा.

विकत घेण्याआधी दोन कामं

पहिलं, घरात असलेल्या रायफलचा पीळ मोजा. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, बोल्ट काढून बाजूला ठेवा. मूठ मोकळी फिरणारी सफाईची सळई घ्या, तिला घट्ट बसेल अशी चिंधी लावा आणि बोल्टच्या बाजूने नळीत सरकवा. चिंधी आट्यांत रुतली, की सळईवर नळीच्या मागच्या कडेशी एक खूण करा आणि त्याच जागी वरच्या बाजूला कागदी चिकटपट्टीचा छोटा झेंडा लावा. आता हळूहळू पुढे ढकला. झेंडा एक पूर्ण फेरा मारून पुन्हा वर आला, की थांबा आणि नळीच्या कडेशी दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमचा पीळ. तीनदा मोजा, चिंधी घसरली तर आकडा चुकीचा येतो. बऱ्याचदा नळीवर कोरलेलं असतं तेच निघतं, पण जुन्या किंवा बदललेल्या नळ्यांत आश्चर्य वाटावं असे आकडे मिळतात. हा आकडा हातात आला, की गोळी बनवणाऱ्याने तिच्यासाठी सांगितलेल्या पिळाशी ताडून पाहा. कितीतरी जणांची नवी रायफल घ्यायची गरज इथेच संपते.

दुसरं, तुमचं अंतर ठरवा, आणि ते टेबलावर रायफल टेकवून ठरवू नका. पाठीवरची बॅग जमिनीवर टाकून तिच्यावर, बसून गुडघ्यांवर, काठीच्या आधाराने, थोडी धाप लागलेली असताना, असे बार काढा. नळी थंड असताना निघालेला पहिलाच बार धरा, कारण जनावरावर तुम्हाला तोच मिळतो. आठ इंचांची पोलादी थाळी ठेवा. ज्या अंतरावर हा पहिला बार वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वाऱ्यात दहापैकी नऊ वेळा थाळीवर वाजतो, ते तुमचं अंतर. तिथे गोळीचा वेग २००० फुटांच्या वर आहे का, ते कॅल्क्युलेटरवर पाहा. सहाशे यार्डांवर गोळी पोहोचायला पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ लागतो आणि तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल टाकतं. त्यावर कुठल्याही काडतुसाकडे उत्तर नाही. मी स्वतः पाचशे यार्डांना मर्यादा मानतो, आणि वारा अवघड असेल तर तीनशेला. वारा कळत नसेल, जनावर चालत असेल, किंवा गोळी लागल्यावर अंधार पडण्याआधी तिथवर पोहोचता येणार नसेल, तर चाप ओढू नका. जवळ जायची वाट शोधा, नाहीतर जनावर जाऊ द्या.